ऑपेराचा गळा, बोलेरोची वाट, सोलचा ठेका

प्रश्न थोडक्यात असा: युरोपीय शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे ऑपेरा आणि कलागीतांच्या तालमीत तयार झालेली एखादी लॅटिना गायिका स्वतःची गाणी लिहू लागते आणि सोलच्या (गॉस्पेल हे अमेरिकन कृष्णवर्णीयांचे चर्चगायन आणि रिदम अँड ब्लूज यांतून आलेल्या गायकीच्या) अंगाच्या पॉपकडे वळते, तेव्हा तिच्या गळ्यात, लिखाणात आणि कामाच्या पद्धतीत नेमके काय बदलते? आधीचे शिक्षण आड येते की कामी येते?

माझे मत सुरुवातीलाच देऊन ठेवतो. गळा फारसा आड येत नाही. आड येतात त्या दोन सवयी: लय आपल्या मर्जीने ताणण्याची आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची. आणि सोलकडे जायचे म्हणून थेट गॉस्पेल वळणाच्या हरकतींवर उडी घेणे ही या वाटेवरची सगळ्यात महाग चूक आहे. लॅटिन अमेरिकेत संगीतशाळेतून सोलपर्यंत जाणारी एक जुनी, चालून रुळलेली वाट आहे. ती बोलेरोतून, म्हणजे मंद लयीच्या लॅटिन प्रेमगीतातून जाते.

मारिया ग्रेव्हर ही मेक्सिकन संगीतकर्ती १९१६ साली न्यूयॉर्कला आली. तिच्या गाण्यांचा घाट कलागीताचा. 'हुरामे' हे तिचे गाणे होसे मोहिका या ऑपेरातल्या टेनरने लोकांपर्यंत नेले. १९३४ साली तिने 'क्वांदो वुएल्वा आ तु लादो' लिहिले आणि त्याच वर्षी स्टॅन्ली ॲडम्सने त्या चालीवर इंग्रजी शब्द बसवले. पंचवीस वर्षांनी, १९५९ साली, डायना वॉशिंग्टनने ते इंग्रजी गाणे गायले आणि त्याला ग्रॅमी मिळाले ते रिदम अँड ब्लूज विभागात. स्पॅनिश गीत 'तुझ्याजवळ परत येईन तेव्हा' असे म्हणते, इंग्रजी गीत एका दिवसाने केवढा फरक पडला याबद्दल आहे. म्हणजे हा अनुवाद नव्हे, त्याच चालीवरचे दुसरे गीत. हक्कांच्या कागदपत्रांत या फरकाला किंमत असते, त्याकडे शेवटी येऊ.

कॉन्सुएलो वेलास्केस तर मैफलीची पियानोवादक. तिच्या 'बेसामे मुचो'ची पहिली ओळ ऐका आणि मग ग्रानादोसच्या 'गोयेस्कास' या पियानो-मालिकेतला तरुणी आणि बुलबुलाचा तुकडा ऐका. सुरावट कुठून आली असेल ते जाणकाराला सांगावे लागत नाही. अमेरिकेत १९४४ साली जिमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाने त्याची इंग्रजी आवृत्ती पहिल्या क्रमांकावर नेली. या गाण्यांना अमेरिकन रेडिओचे दार उघडले त्यामागे निव्वळ धंद्याचे कारण होते. १९४१ साली दरावरून भांडण होऊन रेडिओ केंद्रांनी ॲस्कॅप या रचनाकारांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेची गाणी वाजवणे कित्येक महिने बंद ठेवले होते. नव्याने निघालेल्या बीएमआय या तशाच संस्थेकडे राल्फ पीअरच्या प्रकाशनाचा लॅटिन अमेरिकन गाण्यांचा मोठा साठा होता, आणि केंद्रांना काहीतरी वाजवायचे होतेच.

तिसरा टप्पा हवानाचा. १९४०च्या दशकात सेसार पोर्तिलो दे ला लुस, होसे आंतोनियो मेंदेस आणि त्यांच्या मित्रमंडळींनी बोलेरो गिटारवर मेजर सेव्हन, नाइन, थर्टीन अशा जॅझच्या कॉर्डमध्ये बसवला आणि गायन जवळजवळ बोलण्यावर आणले. त्याला फिलिन म्हणतात. एलेना बुर्के आणि ओमारा पोर्तुओंदो या त्याच्या मोठ्या गायिका. सोल बॅलडमध्ये जे लागते, म्हणजे श्रीमंत कॉर्ड, मंद लय, बोलीला चिकटलेला सूर आणि मागे रेंगाळणारा शब्द, ते सगळे फिलिनमध्ये आधीच आहे, तेही स्पॅनिशमध्ये. म्हणून ऑपेरातून आलेल्या गायिकेने आधी पाच-सहा फिलिन-बोलेरो एका गिटारच्या साथीने, पट्टी उतरवून, माइकवर बसवावेत. सोलची मोठी गायिका अरीथा फ्रँकलिन त्यानंतर. हा क्रम उलटा केला की वर्षभर गळ्याची झटापट चालते आणि हाती नक्कल लागते.

सूर कुठे ठेवायचा

पुढे सुरांची नावे पियानोप्रमाणे घेतो: सी४ म्हणजे मधला सी, ए४ म्हणजे ४४० हर्ट्झ. शास्त्रीय सोप्रानो साधारण ई४–एफ४ च्या वरचे जवळपास सगळे हेड व्हॉइसमध्ये, म्हणजे वरच्या हलक्या आवाजात गाते आणि तिची कमाई डी५ च्या वर असते. सोल-पॉपमध्ये कडवे ए३ ते ई४ मध्ये बोलल्यासारखे जाते आणि मुखडा ए४ ते सी५ पर्यंत चेस्ट (बोलण्याच्या भरदार) किंवा मिक्स (दोन्हींच्या मिश्र) आवाजात चढतो. म्हणून पहिले काम पट्टी उतरवण्याचे. सवयीने जी मेजरमध्ये लिहिलेले गाणे डी किंवा सी मेजरमध्ये आणून पाहावे. पट्टी बरोबर आहे का हे तपासायची सोपी कसोटी: कडव्यात सर्वांत जास्त वेळा येणारा सूर तुमच्या बोलण्याच्या सुराच्या दोन-तीन अर्धस्वरांच्या आत असावा. बहुतेक बायकांचा बोलण्याचा सूर १९० ते २२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जी३–ए३ जवळ असतो. उत्साहात फार खाली जाऊ नये. एफ३ च्या खालचे सूर स्टुडिओत छान भासतात आणि मंचावर बास गिटारखाली गाडले जातात.

आता स्वरवर्णांचे. ऑपेरात जबडा आणि तोंडाची पोकळी अशी जुळवतात की पोकळीचा पहिला अनुनाद मूळ सुराला जाऊन भिडतो. शिवाय, विशेषतः खालच्या पट्टीच्या आवाजांत, ३००० हर्ट्झच्या आसपास एक चमक येते, जी वाद्यवृंदाच्या वर तरंगते. बेल्टमध्ये, म्हणजे चेस्टचा जोर वरच्या सुरांपर्यंत नेऊन गाताना, तोच पहिला अनुनाद मूळ सुराला न भिडता त्याच्या दुप्पट कंपनाला, दुसऱ्या हार्मोनिकला भिडतो. 'आ'चा पहिला अनुनाद बायकांमध्ये साधारण ८५० ते १००० हर्ट्झ असतो, म्हणून 'आ' ए४–बी४ पर्यंत (दुप्पट केले की ८८० आणि ९८८) दणक्यात लागतो. 'ई'चा ३००–४०० हर्ट्झच असतो, त्यामुळे 'ई' बेल्ट करायला गेले की गळा आवळतो. यावर उपाय म्हणजे वर जाताना 'ई' ला 'ए' कडे, 'ए' ला 'ॲ' कडे आणि 'ओ' ला 'ऑ' कडे झुकवायचे. मराठी गळ्याला ॲ आणि ऑ दोन्ही तयार मिळतात, ही सोय. पण खरा उपाय लिहितानाच करता येतो: मुखड्याच्या सर्वोच्च सुरावर 'सी' (स्पॅनिश 'हो') किंवा 'तू' सारखा शब्द ठेवूच नये, 'ओ' किंवा 'आ' असलेला ठेवावा. गीतकार तुम्हीच आहात, तर शब्दाला गळ्याशी भांडायला का लावायचे?

शास्त्रीय शिक्षणात चेस्ट आणि हेडमधला सांधा दिसू नये म्हणून वर्षानुवर्षे मेहनत होते. सोलमध्ये तो सांधाच दागिना होतो. आवाज ओळीच्या मध्यात फुटून हेडमध्ये उडतो. विशेष म्हणजे हे मेक्सिकन गायिकेला परके नाही. हुआपांगो या मेक्सिकन लोकगीतप्रकारातला फाल्सेते हाच खेळ करतो, चेस्टमधून एकदम फाल्सेटोत आणि परत. ज्यांनी लहानपणी घरात रांचेरा-हुआपांगो ऐकले आहे त्यांना हे पटकन जमते. फक्त 'हे चुकीचे गायन' हा मनातला शिक्का पुसावा लागतो. मराया कॅरीची आई ऑपेरा गायिका आणि स्वरशिक्षिका होती, वडिलांकडून आफ्रो-व्हेनेझुएलन वारसा. १९९० च्या पहिल्या अल्बमपासून तिने खालचा श्वासाळ आवाज, मधला बेल्ट आणि वरची शिट्टी हे तीन आवाज एकजीव न करता वेगवेगळे रंग म्हणून वापरले. शिट्टीची नक्कल करण्यापेक्षा ही रंगांची वाटणी अभ्यासण्यासारखी आहे.

व्हायब्रेटोबद्दल, म्हणजे लांब सुराच्या हेलकाव्याबद्दल. शास्त्रीय व्हायब्रेटो सेकंदाला साधारण साडेपाच ते साडेसहा हेलकावे घेतो आणि सूर दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्धस्वरापासून पूर्ण अर्धस्वरापर्यंत हलतो. सोल-पॉपमध्ये सूर सरळ धरून शेवटी थोडा हलवतात. सरळ धरला की लपलेले दोष उघडे पडतात: बहुतेकींचा गंधार किंचित उतरलेला निघतो, कारण आजवर हेलकावा तो झाकत होता. उपाय म्हणून तानपुरा ॲप किंवा कीबोर्डवर एक स्थिर सूर लावावा, मेट्रोनोम ६० वर ठेवावा, आणि एका श्वासात सहा मात्रा सरळ व दोन मात्रा हेलकावा असे प्रत्येक सुरावर करावे. सरळ सूर धरताना जिभेचे मूळ ताठले तर हनुवटीखाली अंगठा लावून पाहावा. तिथे दगड लागत असेल तर सूर गळा आवळून सरळ केला जातोय, श्वासाने नाही.

रियाजाचा क्रम असा ठेवला तर नुकसान होत नाही. आधी पाच मिनिटे स्ट्रॉमधून आवाज: पाच-सहा मिलिमीटर जाडीची स्ट्रॉ, टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर, हळूहळू चढणारे-उतरणारे घसीट. मग वरून खाली येणारी पाच सुरांची ओळ, हेडमधून चेस्टमध्ये, सांधा न लपवता. मग रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा 'हेऽ' ई४ पासून, अर्ध्या-अर्ध्या स्वराने ए४ पर्यंत. बेल्टचा हा भाग पहिले दोन महिने दिवसाला दहा मिनिटांच्या वर नको, आणि बी४ च्या वर तर नकोच. शास्त्रीय गायिकेचा नेहमीचा घोटाळा म्हणजे खूप श्वास भरणे. बेल्टला हवा कमी आणि स्वरतंतूंचा मिटण्याचा काळ जास्त लागतो. छाती तुडुंब भरली की त्या दाबाने तंतू एकमेकांवर आपटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी हळू आवाजात डी५–ई५ जवळ पाच सुरांची तुटक ओळ गाऊन पाहावी. काल सहज लागणारे सूर आज हवेसारखे निघत असतील, उशिरा सुरू होत असतील, तर तंतूंना सूज आहे. त्या दिवशी बेल्ट बंद. घोगरेपणा दोन आठवड्यांच्या वर टिकला तर लिंबू-मधाच्या भरवशावर न राहता घशाच्या डॉक्टरकडून स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची कॅमेऱ्याने तपासणी) करून घ्यावी.

ठेक्याच्या मागे

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कलागीतात गायिका लय ताणते आणि पियानोवादक तिच्यासोबत ताणतो. सोलमध्ये साथ जागची हलत नाही. ड्रम आणि बास घड्याळासारखे चालतात आणि गायिका एकटीच मागेपुढे होते. शास्त्रीय गायिका सवयीने ओळीच्या शेवटी रेंगाळते, साथ पुढे निघून जाते, आणि मग पुढची ओळ गाठायला ती धावते. ऐकणाऱ्याला वाटते लय कच्ची आहे. लय पक्कीच असते, फक्त साथीने थांबावे अशी तिची अपेक्षा असते.

मेट्रोनोम ७० च्या गाण्याला ३५ वर लावावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर समजावा, म्हणजे स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) जिथे पडतो तिथे. आधी शब्द नुसते बोलायचे, मग एकाच सुरावर म्हणायचे, मग चालीत. नंतर रेकॉर्ड करून संगणकावर तरंगाकृती पाहायची. ७० च्या लयीत एक मात्रा ८५७ मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा २१४ चा. स्वर स्नेअरनंतर २० ते ४० मिलिसेकंदांनी सुरू होत असेल तर कानाला तो निवांत वाटतो. ८० च्या पुढे गेला की उशीर वाटतो. मोजायचे ते स्वराच्या सुरुवातीपासून. 'स' किंवा 'प' ठोक्याच्या आधी येऊन गेलेला असतो आणि तसाच असायला हवा. दर ओळ मागे टाकायचीही गरज नाही: ओळीची सुरुवात मागे, शेवट बरोबर ठोक्यावर, एवढे जमले तरी गाणे बसते.

बोलेरो सोलमध्ये कसा उतरतो हे हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक उदाहरण. पारंपरिक बोलेरोत चार मात्रांच्या आवर्तनात बास पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो, बोंगो या जोडढोलांवर मार्तियो या ठरलेल्या बोलांची अखंड चाल असते आणि माराकास हे खुळखुळे आठव्या भागांत चालतात. समजा कॉर्ड ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन, ए मायनर असे आहेत. आता बोंगो-माराकास काढा आणि प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून लय ६० ते ६६ वर आणा, म्हणजे जुन्या सोल बॅलडची बारा-आठची चाल झाली. दोन आणि चारवर स्नेअरची काठी. बासला पहिली मात्रा पक्की द्या आणि तिसरीच्या आधीच्या तुकड्यावर उचल. जुना एक-तीन-चार ठेवला तर बॅकबीटशी, म्हणजे दोन-चारच्या ठोक्याशी, भांडतो आणि गाणे ना इकडचे ना तिकडचे होते. कॉर्ड ए मायनर नाइन, डी मायनर नाइन, मग बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, आणि ई सेव्हन शार्प नाइन. कीबोर्डवाल्याने मूळ सूर बासवर सोडावा. डाव्या हातात तिसरा आणि सातवा, उजव्या हातात नववा. मूळ सूर दोघांनी वाजवला की खालचा भाग गढूळ होतो. मेजर पट्टीत असाल तर पाचव्या कॉर्डच्या जागी चौथा कॉर्ड पाचव्याच्या बासवर, म्हणजे सी मेजरमध्ये जीच्या बासवर एफ, हा सोलचा खास आवाज आहे. संगीतशाळेतला कडक पाचवा-पहिला मुक्काम इथे फार पोथीनिष्ठ वाटतो.

कोरसचेही असेच. मेक्सिकन त्रिओंमध्ये, म्हणजे बोलेरो गाणाऱ्या तिघांच्या संचांत, दुसरा आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतराने पहिल्याला चिकटून चालतो. सोलमध्ये मागचे तीन आवाज मिळून जवळजवळचा त्रिस्वर गातात आणि एकत्र सरकतात. दोन्ही ठेवायचे असतील तर कडव्यात त्रिओची जोडी आणि मुखड्यात तिहेरी थर, ही वाटणी हमखास चालते.

हरकतींविषयी थोडकेच. बहुतेक सोल हरकती पंचस्वरी असतात. तीन-चार सुरांचे तुकडे पाडून ६० च्या लयीत मात्रेला चार सूर या वेगाने बसवावेत आणि चार-चारने वेग वाढवावा. कोणताही सूर नुसता घासून जात असेल तर वेग मागे घ्यावा. आपल्याकडे मुरकी-खटका शिकलेल्यांना बोटचलाखी लवकर येते, पण एक अडचण येते: आपल्या सवयीत सूर षड्जाशी तोलला जातो, इथे तो त्या क्षणी वाजणाऱ्या कॉर्डशी. एका कॉर्डवर गोड लागलेला सूर पुढच्या कॉर्डवर टोचतो. गोव्यात किंवा मुंबईत चर्चच्या कॉयरमध्ये आणि युरोपीय परीक्षा-पद्धतीत तयार झालेल्यांना हा त्रास होत नाही. त्यांच्या अडचणी बहुतेक वर सांगितलेल्या, व्हायब्रेटोच्या आणि ठेक्याच्या. आणि एका कडव्यात एकापेक्षा जास्त मोठी हरकत नसावी. जास्त घेतल्या की गीतकार गायिकेखाली दबते.

शब्द

स्पॅनिशमध्ये बहुतेक शब्दांचा आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, त्यामुळे ओळ एका हलक्या अक्षरावर संपते. इंग्रजी सोलची ओळ बहुधा एकाक्षरी जड शब्दावर थांबते. आधी इंग्रजी मुखडा करून नंतर त्यात स्पॅनिश बसवायला गेले की प्रत्येक ओळीला एक अक्षर लोंबकळते. त्यासाठी तीन उपाय रूढ आहेत: ओळीच्या शेवटी 'कोरासोन', 'दोलोर', 'कान्सियोन' असे अंत्य आघाताचे शब्द घेणे, क्रियापदाचे मूळ रूप किंवा भविष्यकाळ वापरणे, 'आमार', 'वोल्वेरे', किंवा चालीतच शेवटी उतरता सूर ठेवून हलक्या अक्षराला घर देणे. बोलेरोत तिसरा उपाय जागोजागी सापडतो आणि मला तोच सर्वांत नैसर्गिक वाटतो. पहिल्या उपायाने गाणी झटपट होतात, पण सगळ्यांत तेच हृदय आणि तेच दुःख येत राहते. मराठीत शब्दाघात सौम्य असल्याने आपल्या कानाला ही चूक पटकन कळत नाही. स्पॅनिश भाषकाला लगेच खटकते. आघाताचे अक्षर स्नेअर किंवा समेपासून सरकले तर शब्द परक्या माणसाने म्हटल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट, दोन शब्दांच्या सीमेवरचे स्वर गाताना मिसळतात. 'ते एस्पेरो एन ला ओरिया', म्हणजे 'काठावर तुझी वाट पाहते', हे लिहिताना नऊ अक्षरांचे आहे, गाताना सहाचे: तेस्, पे, रोएन्, लाओ, री, या. ऑपेराच्या डिक्शनमध्ये, म्हणजे उच्चारांच्या तालमीत, प्रत्येक स्वर स्वच्छ सुटा म्हणायची सवय लागली असेल तर गायिका तिथे नऊ सूर शोधत बसते आणि ओळ सरकारी घोषणेसारखी ऐकू येते. याउलट स्पॅनिशचे पाच स्वर शुद्ध असतात, इंग्रजी 'डे' किंवा 'गो' सारखे शेवटी घसरत नाहीत. लांब सुरावर ते स्थिर राहतात, हा मोठा फायदा. त्या सवयीने इंग्रजी गाताना मात्र शब्दाचा शेवटचा घसरणारा भाग अगदी शेवटच्या क्षणी का होईना म्हणावा लागतो, नाहीतर उच्चार परीक्षेचा वाटतो.

दोन भाषा एकाच गाण्यात कशा राहतात याचे चांगले उदाहरण काली उचिसचे 'टेलेपातिया' (२०२०). कोलंबियन-अमेरिकन काली ऑपेरातली नव्हे, शाळेत सॅक्सोफोन वाजवत जॅझ बँडमध्ये होती. भाषा बदलते तेव्हा एकच मजकूर दोनदा सांगितला जात नाही, गोष्ट पुढे सरकते. हा नियम पाळण्यासारखा आहे.

रचनेबद्दल एवढेच: शास्त्रीय तालमीतल्या लेखिका मुखडा दीड सप्तकात पसरवतात आणि मध्येच पट्टी बदलतात. मुखडा सहा सुरांच्या आवाक्यात ठेवा, पहिल्या मिनिटाच्या आत येऊ द्या, पट्टी बदलायची हौस शेवटच्या मुखड्यासाठी राखा. वाचन आणि लेखनाचे शिक्षण इथे सोन्याचे ठरते. स्वतःच्या गाण्याला चार तंतुवाद्यांची साथ स्वतः लिहून एका चौकडीकडून तीनदा वाजवून घेतली तर बारा वाद्यांचा थर होतो. पॉपमधल्या बहुतेक गायिकांना यासाठी दुसऱ्याला पैसे द्यावे लागतात. नातालिया लाफुर्कादे ही उलट्या दिशेचे उदाहरण: आई पियानोवादक, वडील हार्पसिकॉर्डवादक, सुरुवात २००२ साली पॉपने, आणि २०१२ साली आगुस्तीन लाराच्या गाण्यांचा अल्बम करून ती बोलेरोच्या घरात शिरली. त्यानंतरच्या तिच्या स्वतःच्या गाण्यांत कॉर्डची भाषा बदललेली ऐकू येते.

माइक

पहिल्या दिवशी ऑपेरा गायिका माइकसमोर गाते आणि इंजिनिअर फेडर खाली ओढतो. अंतर कडव्यात पाच ते दहा सेंटिमीटर, बेल्टला वीस ते तीस, आणि डोके थोडे बाजूला, साधारण तीस अंश, म्हणजे प चे फटके बसत नाहीत. जवळ गेले की कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारा) माइक खालचे सूर फुगवतो. हाच सोलचा ऊबदारपणा, पण ८०–१०० हर्ट्झच्या खाली कापावे लागते. ऑपेराची ती ३००० हर्ट्झची चमक जवळच्या माइकवर कानात टोचते. इक्वलायझरने २५०० ते ३५०० मध्ये दोन-तीन डेसिबल कमी करता येते, पण आवाज पुढे फेकण्याची सवय सुटली की कमी करायची वेळच येत नाही. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. शिखरे उणे १० ते उणे ६ डेसिबलमध्ये. कॉम्प्रेसर ३:१ किंवा ४:१, सुई तीन ते सहा डेसिबल हलेल एवढा. संगणकाचा बफर (आवाज साठवून पुढे देण्याचा तुकडा) १२८ सॅम्पल किंवा त्याहून कमी, नाहीतर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि आधीच नाजूक असलेला ठेका पूर्ण बिघडतो. सवय नसेल तर एक कान उघडा ठेवावा.

मंचावर स्वतःचे ऐकू आले नाही की शास्त्रीय गायिका जोर लावते, आणि तीन गाण्यांत गळा संपतो. कार्डिऑइड माइकला मॉनिटर बरोबर पाठीमागे ठेवावा. सुपरकार्डिऑइडचा बहिरा कोन मागे नसून सुमारे १२५ अंशांवर असतो, म्हणून त्याला दोन मॉनिटर तिरपे लागतात. पंचेचाळीस मिनिटांत नऊ-दहा गाणी होतात: पहिली दोन मिक्समधली, मोठा बेल्ट चौथ्या आणि आठव्या जागी, मध्ये एक बोलेरो फक्त गिटारवर.

कागद

रोझी हॅम्लिन ही कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वंशाची मुलगी. १९६० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने स्वतः लिहिलेले 'एंजल बेबी' रेकॉर्ड झाले, देशभर गाजले, आणि गीतकार म्हणून सुरुवातीला बँडमधल्या दुसऱ्याच सदस्याचे नाव लागले. रॉयल्टीसाठी तिला पुढे अनेक वर्षे झगडावे लागले. संगीतशाळेत रचना आणि रचनाकार एकच असतात, म्हणून तिथून आलेल्यांना स्टुडिओतली वाटणी सुचतच नाही. स्टुडिओत चार जण असतील तर त्याच संध्याकाळी स्प्लिट शीट, म्हणजे वाटणीचा कागद: चाल, शब्द, बीट, प्रत्येकाचा टक्का, बेरीज १००, सर्वांच्या सह्या. रचनेचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळे. अमेरिकेत रचनेच्या सादरीकरणाचे पैसे ॲस्कॅप किंवा बीएमआयकडून, स्ट्रीमिंगचे मेकॅनिकल (रचनेची प्रत काढण्याचे पैसे) २०२१ पासून एमएलसी या संस्थेकडून, आणि डिजिटल रेडिओवरच्या रेकॉर्डिंगचे साउंडएक्स्चेंजकडून, ज्यात ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के बाकीच्या वादक-गायकांसाठी. मेक्सिकोत रचनाकारांची संस्था एसएसीएम, भारतात आयपीआरएस. या नोंदी आपोआप होत नाहीत. एकीकडे नाव आहे म्हणून दुसरीकडचे पैसे येत नाहीत.

आणि ग्रेव्हरच्या गाण्याचा तो फरक. त्याच गाण्याची स्पॅनिश आणि इंग्रजी अशी दोन रेकॉर्डिंग असतील तर दोन वेगळे आयएसआरसी (रेकॉर्डिंगच्या ओळखीचे) क्रमांक लागतात. दुसऱ्या भाषेतले शब्द दुसऱ्या कुणी लिहिले असतील तर त्या आवृत्तीत त्याचा वाटा येतो, आणि मूळ आवृत्तीत येऊ नये असे वाटत असेल तर ते स्प्लिट शीटवर आवृत्तीच्या नावासह लिहावे लागते: 'इंग्रजी आवृत्तीतील शब्दांपुरता'. हे तीन शब्द राहून गेले तर पुढे कुणी त्या चालीवर तिसऱ्या भाषेत गाणे केले, तर त्यातही तो वाटा मागितला जाऊ शकतो.